कारभाऱ्याची चुन्याची डबी

भर दसऱ्याच्या मिरवणुकीत, हत्तीवर बसलेल्या महाराजांचा शेला टर्रकन फाटला! खांद्यापासून थेट कमरेपर्यंत. काय करावं ते कुणालाच सुचेना, म्हणून लोकांनी जयजयकार तसाच चालू ठेवला. मलाही काही सुचेना. पण त्यात नवीन काही नव्हतं. मी सोनवळी संस्थानचा कारभारी, त्र्यंबकपंत.

शेला आमच्याच सरकारी मागशाळेतला. चाळीस माग, चाळीस घरं, आणि सगळ्यांवर देखरेख माझी! पाडव्याच्या सुमारास मी एका बड्या संस्थानात जाऊन कारभाराची नवी पद्धत शिकून आलो होतो. शिकून म्हणजे, तिथल्या दिवाणांनी पंगतीला बसवलं, ते बोलले आणि मी मान डोलावत श्रीखंड खाल्लं. परत आल्यावर मी 'उत्तम कारभाराची एकवीस सूत्रे' लिहून काढली. पहिलं सूत्र, चूक दिसली की ठेचावी. उरलेली वीस आता मलाही आठवत नाहीत.

मागशाळेत जुनी रीत होती. धागा तुटला की विणकरानं "तुटलाऽऽ!" म्हणून ओरडायचं. शेजारचा आपलं काम टाकून यायचा, दोघं मिळून धागा सांधायचे, की पुन्हा खटखट सुरू. मला ही गडबड अगदी बाजारी वाटली. मी हुकूम काढला, ज्याचा धागा तुटेल त्याच्या कपाळाला चुन्याचं बोट! आणि दिवे लागेपर्यंत पुसायचं नाही! डबी माझ्या कनवटीलाच असे. आठवडाभरात मागशाळा अशी चिडीचूप झाली की मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "बघितलंस? एक धागा तुटत नाही आता!"

ती म्हणाली, "अहो, धोतर फाटलंय तुमचं मागून. ते बघा आधी."

असो. मिरवणुकीहून परतल्यावर महाराज कडाडले, "पंत! ज्याच्या हातून जन्मात एकही धागा तुटलेला नाही, असा माणूस शोधून आणा. तोच मागशाळेचा मुख्य! तीन दिवसांत नाही मिळाला तर चाळीसही मागांना टाळं. कापड बाहेरून आणू!"

मी लगेच डबी खोचून मागामागावर हिंडलो. "काय रे, तुझ्या हातून कधी धागा तुटलाय?" विणकर डबीकडे बघे आणि म्हणे, "छे छे! कधीच नाही!" दोन दिवसांत चाळीस नावं झाली. मी यादी घेऊन मोठ्या दिमाखात दरबारात गेलो.

"चाळीसच्या चाळीस बिनचूक?" महाराज गरजले. "मग तो शेला काय हत्तीनं विणला? उद्या दुपारपर्यंत खरा माणूस आणा, नाहीतर मागांना टाळं लावा!"

त्या संध्याकाळी विणकरांच्या घरांत चूल पेटली नाही. म्हातारे धोंडीतात्या तर आपल्या मागावर हात ठेवून नुसते बसून होते. तीन पिढ्या त्याच मागावर जगल्या होत्या. त्यांची सून सगुणा विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायचं काम करी. ती पदर खोचून माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"कारभारीसाहेब, असा माणूस आहे. उद्या दरबारात दाखवते. तुम्ही तेवढे वेळेवर या."

"येतो की! पण शोध माझ्याच देखरेखीखाली लागला, असं सांग हं."

"तुमच्याशिवाय लागलाच नसता," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगुणा आली ती एक माग उचलून आणवूनच. महाराजांनी विचारलं, "कुठाय तो माणूस?"

"हे काय, आपल्या डाव्या हाताला! कारभारीसाहेब!"

मी उगाचच छाती पुढे काढली.

"पंतांच्या हातून धागा तुटलेला नाही?"

"जन्मात नाही, महाराज! मागावर बसलेच नाहीत, तर तुटेल कुठून?"

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी मिशीखाली हसू दाबलं. सगुणा पुढे म्हणाली, "आपण शब्द दिलाय, यांनाच मुख्य करा. फक्त नव्या मुख्यानं सगळ्यांसमोर वीतभर विणून दाखवायचं, अशी आमच्यात रीत आहे."

"बसा पंत!"

बसलो. हात कुठे, पाय कुठे, काही मेळच लागेना. आडव्या सुताचा धोटा पहिल्यांदा फेकला तो थेट खजिनदारांच्या पगडीवर! दुसऱ्यांदा कसाबसा पार गेला आणि खट्! धागा तुटला. तेव्हा मी काय केलं? देवाशपथ सांगतो, आपोआप झालं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, तुटलेली टोकं बोटानं आत सारली, वर उपरणं टाकलं आणि गुमान विणत राहिलो.

"महाराज," सगुणा म्हणाली, "तेवढं उपरणं उचलायला सांगा."

"काही नाही हो तिथं!" मी ओरडलो.

महाराजांनी स्वतः उठून उपरणं उचललं. खाली बोट जाईल एवढं भोक! "पंत, धागा तुटला तर बोलला का नाहीत?"

माझा हात कपाळाकडे गेला. "चुना लावतील ना!"

"कोण लावेल?"

"मीच," मी म्हणालो.

"महाराज, पंतांना लपवायला घटकाही लागली नाही," सगुणा म्हणाली. "आमची माणसं तर पाडव्यापासून हेच करतायत. शेला कसा फाटला, ते आता मी वेगळं काय सांगू?"

महाराज हसायला लागले ते थांबेचनात! चाळीस माग चालू राहिले, मागशाळेची मुख्य सगुणा झाली, वर तिला साडीचोळी आणि सोन्याचं कडं मिळालं. "आणखी काय हवं, बोल!"

"पंतांची ती डबी द्या. आमच्या मामंजींना पानाला चुना लागतो!"

यावर महाराज असे काही गदगदून हसले, की अंगावरचा त्याच मागशाळेतला दुसरा शेलाही काखेत टर्रकन गेला. अख्खा दरबार छताकडे बघू लागला. कुणाची बोलायची छाती होईना. तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच उठलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "तुटलाऽऽ!"