कॅमेऱ्याला मिळालेला मान

कॅसेटचे कॅमेरे घरोघरी कपाटात पडून राहू लागले, त्या काळातली ही गोष्ट. सुशीलाबाईंच्या कपाटात असाच एक कॅमेरा होता आणि त्याच्या शेजारी एकच कॅसेट. त्यांच्या दिवंगत यजमानांचं, दिगंबररावांचं गाणं आता फक्त त्या कॅसेटमध्ये उरलं होतं.

एके दिवशी बाई म्हणाल्या, "आज यांचा आवाज ऐकायचाच." त्यांनी कॅमेरा बाहेर काढला आणि त्यात कॅसेट घातली.

कॅसेट घाबरून कुजबुजली, "दादा, तुझी चाकं गंजलीत. तू सुरूच होऊ नकोस. मग बाई मला दुकानात नेतील आणि माझी नक्कल करून घेतील."

कॅमेऱ्यालाही ते ठाऊक होतं. पण कितीतरी वर्षांनी त्याला कोणी हातात घेतलं होतं.

"सुरू झालो नाही, तर मला भंगारात टाकतील," तो म्हणाला, आणि सुरू झाला.

दिगंबररावांनी आलाप घेतला. बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात चाकं अडकली, फीत त्यांच्यात गुंडाळली गेली आणि तटकन तुटली.

बाईंनी कॅमेरा टाकला नाही. "यांचा आवाज शेवटी यानंच ऐकवला," असं म्हणून त्यांनी तो दिवाणखान्यात मांडला. रोज त्या त्याची धूळ पुसायच्या. कॅसेट त्याच्या पोटातच अडकून राहिली. तो तिला हाका मारायचा, पण तिनं पुन्हा कधी ओ दिली नाही.