परीचं पोट दुखतं तेव्हा

डोंगराच्या कुशीत, रानाला लागून एक इवलीशी झोपडी होती. तिथं धुरपी नावाची चिमुकली मुलगी आपल्या बाबांबरोबर राहायची. तिची आई गेल्या वर्षी देवाघरी गेली होती. बाबा मजुरीला गेले की धुरपी दोन शेळ्या घेऊन एकटीच रानात जाई. कधी कधी पोटात भाकरीचा तुकडाही नसे. पण भुकेपेक्षा आईची आठवणच तिला जास्त छळायची.

चैत्रातली सोनेरी सकाळ होती. बहाव्याचे पिवळेधमक घोस वाऱ्यावर झुलत होते. तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून बारीकसा आवाज आला, “आई गं! आई गं!”

धुरपीनं वाकून पाहिलं. आत बोटाएवढी परी पोट धरून बसली होती. तिचे मोरपंखी पंख पार कोमेजले होते.

“काय झालं गं परीताई?”

“हिरवी करवंदं खाल्ली... खूप खूप! पोटात नुसता पीळ पडतोय. आणि आम्हा पऱ्यांना स्वतःसाठी जादू करता येत नाही.”

“थांब हं. माझं पोट दुखलं की आई मुरुडशेंग द्यायची.”

धुरपी टेकाडावर धावली. झुडपावर दोरीसारख्या पिळाच्या, तपकिरी शेंगा लटकत होत्या. नीट निरखून तिनं एक तोडली. झऱ्याशी दगड स्वच्छ धुतला, त्यावर पाण्याचे थेंब घालत शेंग हळूहळू उगाळली आणि तो रस गवताच्या काडीनं परीच्या ओठांवर सोडला.

“शी! किती तुरट!” परीनं तोंड वाकडं केलं.

धुरपी बोटाच्या टोकानं तिचं पोट चोळत राहिली. हळूहळू पंख झगमगू लागले, निळे, हिरवे, जांभळे!

“माग, बाळ! एकच इच्छा. पण तळहातात मावेल एवढीच. मोठी मागितलीस तर विरून जाईल.”

“मला आई हवी.”

परीचे डोळे भरून आले. “आई तळहातात कशी मावेल गं?”

धुरपीनं आपला तळहात उघडून पाहिला. मग हळूच म्हणाली, “मग... आईचा हात?”

परीनं पंख पसरले. जाळीतून गुलाबी, सोनेरी उजेड सांडला आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

धुरपीच्या हातात एक हात आला. खरखरीत, उबदार. दिसत नव्हता, पण त्यानं तिला उतरणीवर सावरलं, काट्यांतून अलगद नेलं आणि थेट झोपडीच्या दारापर्यंत सोबत केली.

संध्याकाळी बाबा आले. “मूठ का गं मिटलीस, पोरी?”

धुरपीनं मूठ उघडली आणि तळहात त्यांच्या गालाला लावला. तो ओळखीचा, खरखरीत, उबदार स्पर्श होताच बाबा दचकले. मग डोळे मिटून, तो इवलासा हात गालाशी धरून, तसेच बसून राहिले.