कुऱ्हाड आणि गाठीचा ओंडका

फार पूर्वी, अवजारं आपसात बोलत असत तेव्हा, सगुणाबाईच्या पडवीत एक नवी कुऱ्हाड आली. आपल्या धारेचं तिला फार कौतुक. कोपऱ्यात लाकूड उकलायची जुनी, जाडजूड लोखंडी पाचर पडलेली होती. कुऱ्हाडीने तिला विचारलं, "ताई, तुम्हाला धार कुठल्या बाजूला आहे?"

"मीही शोधतेच आहे," पाचर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईच्या नातीचं बारसं होतं. पन्नास पानांचा स्वयंपाक, आणि सरपणाला उरलेला एकच बाभळीचा ओंडका, तोही गाठीचा. पहिल्याच घावाला कुऱ्हाड त्यात रुतली ती रुतलीच. सगुणाबाईने पाय देऊन खेचलं, तसा दांडा करकरला. दांडा मोडला तर आपली रवानगी भंगारात, हे कुऱ्हाडीला कळत होतं.

"पाचरताई," ती हळूच म्हणाली, "काही करता येईल का?"

तेवढ्यात सगुणाबाईलाही पाचर आठवली. कुऱ्हाडीने पाडलेल्या चिरेत तिने ती उभी केली आणि वरून घण घालू लागली. दहाव्या ठोक्याला ओंडका कडाडून उकलला, कुऱ्हाड सुटली.

"एवढा मार खाऊन तुम्ही गप्प कशा राहिलात?" कुऱ्हाडीने विचारलं.

"गप्प कुठली? दर ठोक्याला ओरडत होते. घणाच्या दणदणाटात माझं कुणाला ऐकू जाणार?"

कुऱ्हाड वरमली. उकललेल्या ओंडक्याची दोन मोठी फाळकी अजून फोडायची होती. सगुणाबाईने तिला पुन्हा उचललं, तेव्हा ती म्हणाली, "मी चीर पाडते, ताई. पुढचं तुम्ही बघा. आणि खुशाल ओरडा, मी जवळच आहे."