लाल पानाचा पाम

"पण ओढून पाहिल्याशिवाय कळणार कसं, बुवा?"

डॉक्टर हेरंब सबनीसांचा आवाज जरा चढलाच होता. सावंतवाडीतले नावाजलेले दातांचे डॉक्टर ते, आणि बंगल्याच्या आवारात देशोदेशीचे पाम वाढवायचा भारी नाद. आज त्यातला सगळ्यात लाडका पाम कुंडीसकट गाडीत पुढच्या सीटवर, पट्टा लावून बसवून आणला होता. बायको बिचारी मागे बसली होती.

चिंतूबुवांच्या समुद्राकाठच्या मठीभोवती असले पन्नासेक पाम नुसते माजले होते. बुवांना त्यातल्या एकाचंही शास्त्रीय नाव येत नव्हतं, आणि हे डॉक्टरांना मनापासून खटकायचं. तरी आले होते. बाकी सगळीकडे हात टेकले होते ना!

हकीकत अशी. हा पाम कुठल्याशा दूरच्या बेटावरचा. रोप मोठं झालं की त्याचं नवं पान उघडतं ते लालभडक, आठ-दहा दिवस तसंच राहतं, मग हिरवं होतं. बी रुजवल्याला सात वर्षं झाली होती, आणि पहिलं लाल पान अजून दिसायचं होतं. तीन रोपांपैकी दोन आधीच मेली होती. हे शेवटचं.

पामला शेंडा एकच. तो कुजला की खेळ खलास. म्हणून डॉक्टर रोज सकाळी सहाला उठून मधली, न उघडलेली पानाची सुरळी दोन बोटांत धरत आणि हळूच ओढून बघत. घट्ट असली तर झाड निरोगी, हातात आली तर सडलं, असं त्यांनी वाचलं होतं. काल ती किंचित हलली होती. तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

त्यांनी बुवांना खतं सांगितली, फवारे सांगितले, मातीचं प्रमाण सांगितलं. आता एखादं जालीम औषध तेवढं सुचवा, म्हणाले.

बुवा आपला खालचा पुढचा दात अंगठा आणि तर्जनीत धरून मागेपुढे करत बसले होते.

डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं. पुन्हा फवाऱ्यांवर आले.

बुवांचा हात तोंडातच.

शेवटी डॉक्टरांच्यानं राहवेना. दुखतोय का, त्यांनी विचारलं. बुवांनी मान हलवली. नाही. मग हलतोय का? तसंही नाही म्हणे. घट्ट आहे.

"मग हे काय चाललंय?"

"घट्ट आहे ना, ते बघतोय. रोज बघतो."

डॉक्टर दवाखान्यात बोलतात तसे कडक झाले. "बुवा, हात काढा आधी. असा रोज हलवलात, तर चांगला दातसुद्धा महिन्याभरात..."

...

वाक्य तिथंच राहिलं. मठीच्या पायरीवर बसलेल्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टर स्वतःच्या दोन बोटांकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. आधीची दोन रोपंही त्यांनी अशीच रोज तपासली होती, अगदी मन लावून.

बुवा उठले. हात पाठीमागे बांधून कुंडीपाशी वाकले आणि नाक सुरळीजवळ नेऊन वास घेतला. मग सरळ झाले.

"सडल्याचा वास नाही. पानाला बाहेर यायचंय, म्हणून हलतंय."

"म्हणजे जगेल?" डॉक्टरांचा आवाज आता एवढासा झाला होता.

"झाडाची मला काही काळजी वाटत नाही. अडचण तुमची आहे."

...

डॉक्टर कुंडी उचलायला वाकले. तेवढ्यात त्यांची दोन बोटं आपोआप शेंड्याकडे निघाली होती. त्यांनी ती अर्ध्या वाटेवर थांबवली.

"बुवा, उद्या सकाळी सहाला मी जागा होणारच. पाय तिकडेच वळणार. तेव्हा मी काय करू?"

बुवा म्हणाले,

"चहा प्या. दोन्ही हातांनी."