न चुकणारा साचा

राजा रणधवलाने स्वतःच्या हाताने चांदीचं जोडवं ओतलं, तेव्हा प्रधानजी हात जोडून म्हणाले, "वा महाराज! काय गणपती उतरलाय!"

चूक प्रधानजींची नव्हती. राजाला दागिने ओतायचा नाद लागून महिना झाला होता. पहिल्या दिवशी साचा ओला असतानाच त्याने चांदी ओतली. ती उसळली आणि मिशीची डावी बाजू घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी चांदी थिजायच्या आतच त्याने साचा फोडला. तिसऱ्या दिवशी ओतता ओतता शिकारीची गोष्ट सांगायला लागला. निम्मं जोडवं साच्यात, निम्मं जाजमावर. नाचता येईना अंगण वाकडं, असं सगळं गाव म्हणत होतं. अर्थात घरात, दार लावून.

"दोष साच्याचा!" राजाने निकाल दिला आणि साचे करणाऱ्या भागोजी ओताऱ्याला बोलावणं धाडलं.

"भागोजी, पाडव्याला राणीसाहेब मला ओवाळतील. तबकात माझ्या हातचाच दागिना पडला पाहिजे. असा साचा आण, की मी ओतलेलं चुकणारच नाही! आणि दागिना असा उतरला पाहिजे, की राज्यातल्या एकाही सोनाराला त्याची जोड करता येऊ नये!"

"आणि नाही उतरला तर, सरकार?"

"तर तुझी भट्टी मोडायची आणि तू वेशीबाहेर!"

चार पिढ्यांची भट्टी. भागोजी घरी आला आणि भट्टीचा भाता सोडवायला बसला. त्याची थोरली लेक साळू साच्यांची माती मळत होती.

"आबा, भाता कशाला सोडताय?"

भागोजीने सगळं सांगितलं. साळूने हात धुतले.

"राहू द्या तो जागेवर. साचा मी देते."

"अगं, असा साचा आजवर कुणी केलाय का?"

"करायचा नाहीच, आबा. बाजारातनं आणायचाय."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी साळू राजवाड्यात हजर झाली. एका हातात घंगाळ, दुसऱ्या हातात चांगली भिजवलेली कोरी केरसुणी.

"राजापुढे केरसुणी?" प्रधानजी किंचाळले.

"संध्याकाळी हिलाच लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहणार ना, प्रधानजी? मग सकाळी हिला चांदी वाहिली तर बिघडलं कुठं?"

प्रधानजी विचार करू लागले. ते अजून करताहेत. तेवढ्यात साळूने घंगाळात पाणी भरलं आणि त्यात केरसुणी मूठ खाली, पाती वर अशी उभी केली. राजाने लांब सांडशीत वितळलेल्या चांदीची मूस धरली.

"कुठे ओतू?"

"पात्यांवर, महाराज."

"हात हलला तर?"

"हलू द्या."

"मध्येच थांबलो तर?"

"थांबा. मग पुन्हा ओता."

राजाने ओतलं. चर्रर्र! वाफ उठली, दरबार दोन पावलं मागे सरला. चांदी पात्यांतून वाट काढत ओघळली आणि जागच्या जागी थिजली. साळूने जळकी पाती झाडून टाकली, तर आत बाजरीच्या कणसासारखा थेंबाथेंबांचा लखलखता घोस! हात हलल्यामुळे बरीचशी चांदी बाजूच्या पाण्यात पडून तिचे वेडेवाकडे मणी झाले होते.

"आणि हे काय?" राजाने विचारलं.

"कानातलं, महाराज."

पाडव्याला भरल्या दरबारात, भागोजी आणि साळूच्या देखत, घोस तबकात पडला. राणीसाहेबांनी निरांजन बाजूला ठेवलं आणि आधी तो गळ्यातल्या साखळीत अडकवून पाहिला. "असा दागिना मला माहेरीसुद्धा कुणी घातला नाही हो," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. राजालाही गहिवरून आलं, पण थोडाच वेळ.

"विसोबा पोतदारांना बोलवा! याची जोड करून दाखवा म्हणावं!"

विसोबा राज्यातले पहिल्या नंबरचे सोनार. त्यांनी घोस उलटा केला, सुलटा केला, दोऱ्याने मापला, मेणावर दाबला. मेण थेंबांच्या फटींत अडकून बसलं. शेवटी त्यांनी पागोटं काढून कपाळ पुसलं.

"नाही जमणार, महाराज. कुठला थेंब कुठून निघालाय, तेच कळत नाही."

राजाने उरलेली मिशी पिळली. "म्हणजे माझा हात विसोबांपेक्षा पक्का! काय गं साळू?"

भागोजीने डोळे मिटून घेतले.

"हात विसोबाकाकांचाच पक्का, महाराज! म्हणून तर त्यांना जमत नाही. त्यांचा हात ठरल्या जागी जातो. आपला कुठं जाईल, हे चांदीलासुद्धा ठाऊक नसतं!"

राजा पोट धरून असा हसला, की राणीसाहेबांनाही पदराआड हसू आवरेना!

"भट्टी तुमच्याकडे पिढ्यानपिढ्या राहील, सनद देतो! वर दहा बिघे इनाम! आणखी काय हवं, माग!"

"एवढंच, महाराज," साळू म्हणाली, "आपण पुन्हा मूस हातात घ्याल, त्या दिवशी आबांना भरपगारी सुट्टी."

राजा हसत हसत म्हणाला, "लिहा!" आणि कारकुनाने सुट्टीही सनदेत घातली.