साहेबांच्या हातचं स्वस्तिक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रेस मशीन सुरू करताच एकनाथ लोंढेची तीन बोटं गेली. तेव्हापासून ते मशीन बंद होतं. भरपाईसाठी वकील करावा की नाही, या घोरातच त्याची बायको रंजना कारखान्यात गेली. मॅनेजर सरंजामे कंपनीचा वकील शेजारी बसवूनच तिला उपदेश करू लागले.

"वकील कशाला करता, ताई? चूक तुमच्या नवऱ्याची. मशीनच्या तोंडावर जाळी आहे. ती एकदाही निघालेली नाही. त्यानेच कुठून तरी हात खुपसला."

जखमी माणसालाच आधी गुन्हेगार ठरवायचं, ही आपल्या कारखानदारांची निर्लज्ज रीत आहे.

रंजनाने शांतपणे विचारलं, "साहेब, दसऱ्याला मशीनची पूजा कोणी केली?"

"मीच! दरवर्षी स्वतःच्या हाताने कुंकवाचं स्वस्तिक काढतो," सरंजामे खुलले.

"येताना बघितलं मी. जाळीच्या आड, खालच्या साच्यावर तुमचं स्वस्तिक अजून आहे. जाळी कधी निघालीच नाही, तर तुमचा हात आत गेला कसा?"

सरंजामेंचा चेहरा उतरला. कंपनीच्या वकिलाने फाइल मिटली आणि तो त्यांच्या कानाशी लागला.

"ताई," सरंजामेंनी घाम पुसत विचारलं, "तुमचा वकील कोण?"

"अजून ठरवलेला नाही. तुम्हीच सांगा साहेब, करू का?"

"नको, नको! पूर्ण भरपाईचं आत्ताच लिहून देतो!"

कागद घेऊन ती फाटकाशी आली, तेव्हा बाहेर तिची वाट बघत थांबलेला एकनाथ दसऱ्यानंतर पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला.