पळीच्या दांड्यावरचं पाणी

फार जुन्या काळची गोष्ट. पूर्वेच्या समुद्रातल्या एका बेटावर, देवदारांच्या दाट रानात शिंतो पंथाचं एक देऊळ होतं. ते किती जुनं होतं, हे तिथल्या झाडांनाच ठाऊक.

देवळाच्या तांबड्या कमानीपाशी झऱ्याचं कुंड होतं आणि कुंडावर लांब दांड्याची बांबूची पळी. येणाऱ्यानं हात-तोंड धुवावं आणि शेवटचं घोटभर पाणी दांड्यावरून सोडून मागच्यासाठी पळी स्वच्छ ठेवावी, अशी रीत होती.

एकदा बेटावर डोळ्यांची साथ आली. पाच दिवसांत औषध पडलं नाही, तर लहान मुलांची दृष्टीच जाई; मोठी माणसं मात्र आठवड्यात आपोआप बरी होत. कुंभाराच्या लेकीचे डोळे सुजून मिटले, आणि औषध जाणणारी एकुलती एक वैदीण नेमकी डोंगरापलीकडे गेलेली. लेकीचे चिकट डोळे पुसता पुसता कुंभार तसाच उठला आणि देवाला साकडं घालायला निघाला.

कुंडावर त्यानं कसेबसे हात धुतले आणि पळी टाकली.

पायऱ्या झाडणाऱ्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं वरून आठवण केली, "अरे, दांडा धुवायचा राहिला."

"माझ्या लेकीचे डोळे चाललेत, आणि मी लाकूड धूत बसू?" कुंभार तडक वर गेला.

पुजारी काठी टेकत खाली येईपर्यंत कुणीतरी त्याच पळीनं तोंड धुऊन पुढे गेलंही होतं.

कुंभार घरी परतला, तर डोंगरापलीकडून परतलेली वैदीण दारात उभी. देव पावला, असं त्याला वाटलं. तिनं डोळ्यांत रस घातला. तो रोज ताज्या पाल्याचा, सलग तीन दिवस घालायचा होता, आणि तो पाला ओळखणं तिलाच जमे. पण दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. कुंभार धावत तिच्या घरी गेला. ती डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडली होती.

"रोग्याला शिवले की मी हात धुतल्याशिवाय राहत नाही," ती म्हणाली. "काल तेवढं तुझ्याकडे येताना देवळातल्या कुंडावर तोंड धुतलं. तिथली पळी तर कायम स्वच्छ असते."

कुंभारानं सगळं कबूल केलं. तिनं त्याला पानाच्या खुणा सांगितल्या. तीन दिवस त्यानं रान पालथं घातलं. आणलेला प्रत्येक पाला ती हुंगायची आणि 'हा नव्हे' म्हणून बाजूला टाकायची.

आठवड्यानं वैदिणीचे डोळे उघडले. त्या दिवशी भर दुपारी लेकीनं विचारलं, "बाबा, अजून उजाडलं नाही का?" कुंभाराला तिच्याकडे बघवेना.

तात्पर्य : आपल्या घाईत जो मागून येणाऱ्याला विसरतो, तो आपल्याच घराचं नुकसान करतो.